चिपेला धीर शिकवल्याची हकीकत

वेरेसोव्हका, सास्काचेवान
मार्चचा पहिला सोमवार

चिरंजीव वासिल यास,

थोरल्या भावाचे आणि पराशा वहिनीचे पोटभर आशीर्वाद. (एकाहत्तराव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घ्यायला तुला लाज वाटते हे तू मागेच कळवलंस. पण मी सत्त्याहत्तरचा आहे, आणि हा सहा वर्षांचा फरक तुला आयुष्यात कधी भरून काढता येणार नाही, तेव्हा सोसून घे.)

आधी घरातली विचारपूस. आन्नीचा गुडघा कसा आहे? नव्या गुडघ्याचं जुन्याशी पटायला लागलं, की अजून दोघे फटकूनच चालतात? तिला सांग, सौनात बसून घाम काढला की सगळं बरं होतं हे तिच्या माहेरचं शास्त्र मला मान्य आहे, पण टाके ओले असताना नको. तुझ्या लेकीच्या, कायसाच्या, जुळ्यांचे कान कसे आहेत? गेल्या खेपेला चारपैकी तीन दुखत होते, चौथ्याचं काय झालं ते कळलंच नाही. जावयाची पाठ? आणि तो तुमचा म्हातारा कुत्रा, अजून पोस्टमनवर भुंकतो, की आता त्यालाही पोस्टमन ओळखीचा झाला? तुझं पोट ठीक असेल असं धरून चालतो.

इकडे आम्ही खुशाल आहोत. पराशाचा रक्तदाब डॉक्टरांसमोर वाढतो आणि घरी उतरतो, म्हणून ती म्हणते की दुखणं डॉक्टरांनाच आहे. माझा उजवा अंगठा भाजलाय, त्यावर फोड आलाय, म्हणून अक्षर थोडं वाकडं वाटलं तर मनावर घेऊ नकोस. अंगठा का भाजला, हे सांगायला मला स्तेफापासून सुरुवात करावी लागेल.

स्तेफा मेल्निचुक तुला आठवतेच. शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि तू तिच्या वेणीला गव्हाच्या ओंब्या अडकवायचास. ती गेली एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये बिंगोचे आकडे पुकारते. तिचा नवरा इल्को गेला त्या आठवड्यातला एक गुरुवार सोडला तर तिची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. पिंजऱ्यातून लाकडी गोटी काढायची, माइकवर तिच्यावरचं अक्षर आणि आकडा सांगायचा आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो टाकायचा, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या पाटीवर दिवा लागतो. आवाज अजून खणखणीत आहे. पण पाच वर्षांपूर्वी तिला कंपवात झाला आणि हात थरथरायला लागले. कीबोर्डची बटणं तर शेवयांच्या तुकड्याएवढी. नोव्हेंबरात तिनं सहा पुकारला आणि बोटानं सहा दोनदा दाबला. पाटीवर सहासष्ट पेटला. तिसऱ्या रांगेतल्या ओलेना कुश्नीरनं सहासष्टावर खूण केली, ओळ पुरी झाली म्हणून उभी राहिली, शेजारच्या चौघींना मिठ्या मारल्या आणि बक्षिसाचा डुकराच्या खारवलेल्या मांडीचा अख्खा हॅम उचलून कोटात गुंडाळलासुद्धा. तो परत मागायला गेलो तो मी. (तू कधी ओलेना कुश्नीरच्या हातातून हॅम परत मागितला आहेस? मागू नकोस.)

मग हॉलच्या समितीचा अध्यक्ष नेस्तोर बिलिन्स्की, माणूस वाईट नाही, पण अध्यक्ष झाल्यापासून हातात कायम वही घेऊन फिरतो, तो स्तेफाला म्हणाला, “मावशी, खूप केलंत, आता विश्रांती घ्या.” आणि त्यानं एका कंपनीच्या यंत्राचं चित्र दाखवलं. ते यंत्र गोटी स्वतः काढतं, दिवा स्वतः लावतं आणि आकडाही स्वतःच पुकारतं, बाईच्या आवाजात. स्तेफानं एप्रनची घडी घातली, घडीची घडी घातली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पराशाला म्हणाली, “गुरुवार गेला तर माझा आठवडा सहा दिवसांचा होणार नाही गं. तो संपणारच नाही.”

हे पराशानं मला सांगितलं आणि मी समितीच्या बैठकीत उठून टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, चाळीस वर्षं मी या गावातले कापणी-मळणीचे कम्बाइन दुरुस्त केलेत, तीन बटणांची एक पेटी मला जमणार नाही? नेस्तोरनं वहीत लिहून घेतलं: ओरेस्तकाका, फेब्रुवारीअखेर. मूठ आपटणं सोपं असतं, हे मला घरी आल्यावर कळलं.

मग मी वाचायला बसलो. तुला ठाऊक आहे, माझी शाळा सहावीत सुटली, पुढचं सगळं मी ट्रॅक्टरच्या पुस्तकांतून आणि आता इंटरनेटवरून शिकलो. तिथं माझ्यासारखे हजारो रिकामटेकडे आहेत, आणि ते आपापल्या घरी आपल्याला हवा तसा कीबोर्ड करत बसतात. त्या सगळ्याच्या पोटात असते एक चिप. चिप म्हणजे काळ्या प्लास्टिकची चपटी चौकट, नखाएवढी, दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा, उलटी केली तर मेलेल्या गोमेसारखी दिसते. एका बाजूनं तिला यूएसबीची वायर जोडायची, दुसरीकडे तुला हवी तेवढी बटणं. कोणतंही बटण दाबलं की ती कॉम्प्युटरला सांगते, मी कीबोर्ड आहे, आणि माझं अमुक बटण दाबलं गेलंय. आणि कॉम्प्युटर विश्वास ठेवतो! तो विचारत नाही, तुझी बाकीची बटणं कुठं आहेत, तू लोणच्याच्या डब्यात का राहतेस. इतका भोळा प्राणी मी आपल्या शेतावरच्या वासरांतही पाहिला नाही.

बेत असा होता: एक फिरवायचा नॉब, रेडिओला असतो तसा, त्यानं आकडा निवडायचा. एक मोठं हिरवं बटण, त्यानं दिवा लागेल. एक लाल, चुकलं तर पुसायला. बटणं दारावरच्या घंटीएवढी, मूठ आपटली तरी चालेल अशी. मी टपालानं पाच चिपा मागवल्या. पराशा म्हणाली, “पाच कशाला? पेटी एक करायचीय ना?” मी म्हटलं, असू देत. नवऱ्याच्या प्रत्येक शब्दामागे काही विचार असतो अशी तिची समजूत आहे, ती मी मोडत नाही.

पहिली चिप पराशानं मारली. म्हणजे दोष थंडीचा. जानेवारीत इकडची हवा किती कोरडी होते ते तू थंडर बे शहरात सरोवराकाठी राहून विसरला असशील. मी लोकरी मोजे घालून गालिच्यावरून चालत आलो, कामाला बसण्याआधी पराशाच्या गालाचा मुका घेतला, तर अशी ठिणगी उडाली की दोघंही ओरडलो. (“बावन्न वर्षांत पहिल्यांदा,” असं ती म्हणाली. ते इथं लिहायची गरज नव्हती.) यातून मी शहाणं व्हायला हवं होतं, पण मी त्याच मोज्यांनी परत दोन फेऱ्या मारल्या आणि चिपेला बोट लावलं. बारीकसा चट्‌ आवाज आला. चिप तशीच चकचकीत, पण आत कोणी नाही. दुसरी चिप मी माझ्या जुन्या सोल्डरिंग आयर्ननं मारली. तो ट्रॅक्टरचे रेडिएटर जोडायचा तांब्याचा ठोकळा आहे, त्यानं नखाएवढ्या चिपेचे पाय जोडणं म्हणजे फावड्यानं सुईत दोरा ओवणं. चिप वितळली, आणि तिला वाचवताना माझा अंगठा. मग पेन्सिलीएवढा नवा सोल्डरिंग आयर्न आणला, अंगातली वीज निघून जावी म्हणून एक पाय तापत्या नळीला आणि दुसरा ओल्या फडक्यावर ठेवून उघड्या पायांनी काम केलं, आणि तिसरी चिप जगली. पाय गारठून सर्दी झाली ती मला, चिपेला नाही.

पण जगली म्हणजे शहाणी झाली असं नाही. नॉब एक घर फिरवला की आकडा चार घरं उडी मारायचा. एकावरून पाचावर, पाचावरून नवावर. मधले आकडे या गावात जन्मालाच आले नाहीत अशी तऱ्हा. दोन दिवसांनी कळलं की नॉबच्या एका घरात चार ठोके असतात आणि चिपेला ते एक धरायला सांगावं लागतं. सांगितलं. मग तो उलटा चालायला लागला. उजवीकडे फिरवला की आकडा कमी. दोन वायरींची अदलाबदल केली, सुलटा झाला. स्तेफाला बोलावलं. ती आली, मधाचा केक घेऊन आली, बसली, हिरवं बटण दाबलं. तिचं बोट थरथरलं, आणि चिपेनं ती थरथर प्रामाणिकपणे मोजली. एका दाबण्यात अकरा वेळा. कॉम्प्युटर अकरा वेळा टिंग टिंग करून गप्प झाला.

स्तेफा बघत राहिली. म्हणाली, “ओरेस्त, हिला माझ्यापेक्षा जोराचा कंपवात आहे रे.” आणि हसली. पण केक न खाता गेली.

वासिल, त्या रात्री मी नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी चिपेची सगळी माहिती पुन्हा वाचली, शब्दकोश घेऊन. त्यात एक ओळ होती. बटण दाबलं गेल्यावर चिप थोडी थांबते, म्हणजे पितळी पत्र्याची आतली धडधड संपावी. किती थांबायचं ते तुम्ही ठरवा. तिला विकणाऱ्यानं सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले पाच ठरवले होते. तेवढं विशीतल्या पोरांच्या हातांना पुरतं. म्हणजे चिपेला धीर शिकवता येतो! मी उत्साहात तो दोन सेकंद केला. स्तेफानं बटण दाबलं, सोडलं, काहीच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पराशा म्हणाली, “झोपली वाटतं.” मग आम्ही तीन दुपारी बसलो. स्तेफानं दाबायचं, मी मोजायचं, पराशानं चहा ओतायचा. कमी केलं की दोन दिवे लागायचे, जास्त केलं की स्तेफाला वाटायचं आपलं दाबणं पोचलंच नाही. शेवटी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येऊन टेकलो. त्या दिवशी तिनं ओळीनं चाळीस वेळा दाबलं आणि चाळीसच दिवे लागले. त्या कंपनीच्या यंत्रात हे बसवता येईल का, असा प्रश्न मी नेस्तोरला विचारणार होतो, पण तो वही उघडेल म्हणून विचारला नाही. नॉबवरची थरथर उरली होती. त्यावर मी बिटाच्या बरणीचं झाकण बसवलं आणि आतून ट्रकच्या चाकांची शिशाची वजनं चिकटवली. जड झाल्यावर तो हाताबरोबर हलेना. हात थरथरायचा, झाकण मात्र एखाद्या बिशपसारखं सावकाश फिरायचं.

आता फजितीकडे येतो. फेब्रुवारीचा पहिला गुरुवार, उणे छत्तीस. पेटी विसरू नये म्हणून मी ती आदल्या दिवशीच ट्रकमध्ये ठेवली. ट्रकच्या इंजिनाला रात्रभर वायर लावून ऊब दिली, कारण तो गारठला तर सकाळी चालू होत नाही हे मला ठाऊक. पेटीला ऊब द्यायचं डोक्यातही आलं नाही. हॉलमध्ये गेलो तर स्वयंपाकघराचं दार उघडं, चार पातेल्यांत बटाटा भरलेल्या पेरोगी उकळताहेत, वाफेचे लोट, माझा चष्मा पांढरा. तो पुसला. पेटीही पांढरी झाली होती, तीही बाहीनं पुसली आणि जोडली. शंभर माणसं कागदांवर मान घालून बसलेली. स्तेफानं पहिली गोटी काढली, “एन, एकतीस!”, आणि पाटीवर एकतीस लागला. लागला, आणि मागोमाग बत्तीस लागला, मग अडतीस, बावन्न, नऊ, गेले, आले, पेटले, विझले, जणू लग्नातल्या पाहुण्यांना कोणी नाचायला सोडलंय. कोणी बटणाला हात लावला नव्हता. बघता बघता तीन जण उभे राहिले, “बिंगो!” त्यांत ओलेना कुश्नीर होती हे सांगायला नको.

“पेटीत भूत शिरलंय!” कोणी ओरडलं. “भूत नाही, ओरेस्त शिरलाय!” दुसरं कोणी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण उणे छत्तीसला जमीन कसली दुभंगते. तेवढ्यात स्तेफानं यूएसबीची वायर उपटून काढली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, “पाटीकडे बघू नका. माझ्याकडे बघा. ओलेना, बस गं बाई, हॅम पळून जात नाही.” आणि तिनं उरलेली सगळी दुपार पाटीशिवाय, नुसत्या तोंडानं खेळ चालवला, प्रत्येक आकडा दोनदा. पहिल्या रांगेत बसणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा, बोटांवर मोजून.

नेस्तोर शेवटी माझ्याजवळ आला. “काका, महिनाअखेरीच्या गुरुवारी कंपनीचा माणूस यंत्र घेऊन येतोय. मी बोलावलंय.” मी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

चूक कुठं झाली, ते मला नाही, पराशाला कळलं. ट्रकमध्ये बसताना म्हणाली, “तुझा चष्मा आत आल्यावर पांढरा झाला तो तू पुसलास. पेटी बाहेरून पुसलीस, आतून कोण पुसणार? तिच्या पोटातही घाम आला असेल.” घरी येऊन उघडली, तर चिपेच्या पायांमधून पाण्याचे थेंब, एका पायावरून दुसऱ्यावर चाललेले. वाळवली, पुन्हा जोडली, शहाण्यासारखी चालली. पराशानं नियमच करून दिला. पेटी कोटाच्या आत छातीशी धरून न्यायची. हॉलमध्ये गेल्यावर टॉवेलखाली ठेवायची, पेरोगीची कणीक ठेवतो तशी, आणि तासभर तिला कोणी हात लावायचा नाही.

महिनाअखेरीचा गुरुवार. कंपनीचा माणूस आला, नीटनेटका, बूट चकचकीत, बर्फात दोनदा घसरला. नेस्तोरनं न्यायानं वागायचं ठरवलं: पहिले अर्धे खेळ यंत्र, उरलेले स्तेफा. यंत्रानं एकही चूक केली नाही, हे मी कबूल करतो. पण ते थांबत नव्हतं. आकडा, पाच सेकंद, आकडा, पाच सेकंद. बहिरा म्हातारा “काय म्हणाली ती?” असं विचारायचा आणि ती पुढचा आकडा सांगायची. कोणी चष्मा शोधत होतं, कोणाचं पेन सुकलं, ती आपली पुढे. चौथ्या खेळाला मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, “बाई, दम खा की!” आणि ती म्हणाली, “ओ, सत्तर.”

मग स्तेफा बसली. टॉवेल काढला. मी हॉलच्या टोकाला भिंतीशी उभा होतो, कारण जवळ उभं राहायचं मला धैर्य नव्हतं. गोटी, आकडा, झाकण सावकाश फिरलं, हिरवं बटण, दिवा. एकच दिवा. पुढची गोटी. मध्ये एकदा तिनं चुकीचा आकडा लावला, “थांबा, माझी चूक,” म्हणाली, लालवर मूठ आपटली, पुसला. हॉलमध्ये शंभर माणसं एकदम हसली, पण ते हसणं वेगळं होतं. बहिऱ्या म्हाताऱ्यानं मान वर केली की ती थांबायची. कोणाचं पेन सुकलं हे तिला वरून दिसतं, एकतीस वर्षं दिसतंय.

खेळ संपला तेव्हा नेस्तोरनं वही उघडली, थोडं लिहिलं, मग खोडलं. कंपनीच्या माणसाला दोन डझन पेरोगी आणि आंबट मलई बांधून दिली, दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन स्तेफाला एवढंच म्हणाला, “मावशी, पुढच्या गुरुवारी तासभर आधी या. पेटी गरम व्हायला हवी.”

स्तेफानं एप्रनची घडी घातली. एकच. आणि मला म्हणाली, “काय रे, भिंतीला काय धरून उभा होतास? पडत होती का?”

तर अशी हकीकत. सगळ्यांना नमस्कार, जुळ्यांना पापे, आन्नीच्या गुडघ्याला माझ्याकडून हलकेच.

तुझा थोरला भाऊ,
ओरेस्त

ता. क. एक काम आहे. तुझ्या शॉर्टवेव्ह रेडिओचा तो मोठा पितळी नॉब, जो तू बाबांनाही हात लावू देत नव्हतास, तो मला हवा. बिटाच्या झाकणाला आता वास येतो. पोस्टानं पाठवू नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये. ईस्टरला ये, आन्नीलाही आण.

ता. क. दुसरा. वासिल, नॉब नाही आणलास तरी चालेल. झाकणाला वास येत नाही. हे पत्र मी चार दिवस लिहितोय आणि मुद्द्यावर यायला मला स्तेफासारखं धैर्य नाही, म्हणून आता सरळ लिहितो. गेल्या गुरुवारी खेळ संपल्यावर ती आमच्याकडे चहाला आली होती. तुझं नाताळचं कार्ड फळीवर होतं. तिनं ते उचललं, डोळ्यांजवळ धरलं, खूप वेळ वाचलं. मग म्हणाली, “वासिल्को केव्हापासून इतकं बारीक लिहायला लागला?” मी पाहिलं. प्रत्येक ओळ नीट सुरू होते आणि शेवटाला मुंगी होते. ती म्हणाली, “माझे हात हलायच्या आधी तीन वर्षं माझं अक्षर असंच झालं होतं. मला वाटलं, पेन खराब आहे. मी चार पेनं बदलली, ओरेस्त. त्याला सांग, पेन बदलू नकोस म्हणावं, डॉक्टर गाठ.” लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं, असं तिच्या डॉक्टरांचं मत आहे. आणि कदाचित हा सगळा तुझा नवा चष्मा असेल, मग मी म्हातारा मूर्ख ठरेन, आणि त्या दिवशी मी वोडकाची बाटली स्वतः फोडीन. पण दाखवून ये. हे पत्र आन्नीला मोठ्यानं वाचून दाखव, हा भागसुद्धा, गाळू नकोस. मला एवढं कळलंय की थरथरणाऱ्या हाताशी जुळवून घेता येतं, फक्त पेटीला आधी सांगावं लागतं.

पाच चिपा मागवल्या त्या माझ्या हातून काही मरणार म्हणून, हे पराशाला अजून सांगितलेलं नाही. दोन शिल्लक आहेत. त्या तुझ्या पेटीसाठी लागू नयेत अशी माझी इच्छा आहे.

लवकर उत्तर लिही. टाइप करू नकोस, हातानं लिही, निदान अर्धं पान. आणि स्तेफानं बजावलंय, मुद्दाम मोठं लिहू नकोस.